सुई तीच, मधुमेह वेगळा

‘आता इन्सुलिनवर आलेत,’ हे सांगताना आपल्याकडे आवाज खाली येतो. पाठोपाठ कुणीतरी म्हणतंच, ‘एकदा सुई लागली की सुटत नाही.’ हे वाक्य एका मधुमेहाला लागू आहे, दुसऱ्याला अर्धंमुर्धं आणि तिसऱ्याला बहुतेक वेळा अजिबात नाही.

लागू आहे ते टाइप १ला. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते. साखर पेशींत पोचवणारं इन्सुलिन बनणं जवळजवळ थांबतं, आणि रक्तात साखर भरलेली असूनही पेशी उपाशी राहतात. शरीर मग चरबी जाळत सुटतं, रक्तात आम्लं साचतात. इन्सुलिन मिळण्याआधी अशा मुलांना अर्धपोटी ठेवून थोडे महिने पदरात पाडून घ्यायचे, एवढाच उपाय होता. ११ जानेवारी १९२२ला टोरंटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचा पहिला डोस दिला. अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिपने तो शुद्ध केला, २३ तारखेपासून पुन्हा टोचला, आणि साखर उतरली. तो मुलगा आणखी तेरा वर्षं जगला. टाइप १मध्ये सुई म्हणजे औषध कमी, जेवणापाण्यासारखी गरज जास्त. दिवसभर पुरणारं एक इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी झटपट काम करणारं दुसरं, अशी ती साधारण घ्यावी लागते. गोळी चालत नाही, कारण इन्सुलिन हे प्रथिन. पोटात गेलं की डाळीसारखं पचून जातं.

टाइप २मध्ये इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. बीटा पेशी जास्तीचं काम करून दमत जातात. म्हणून काही वर्षांनी गोळ्या अपुऱ्या पडल्या, तर त्यात पेशंटने पथ्य मोडलं असेलच असं नाही. ऑपरेशन, मोठा संसर्ग किंवा निदानावेळीच खूप चढलेली साखर, अशा वेळी सुई तात्पुरतीही देतात आणि नंतर बऱ्याचदा थांबवतात. तिची सवय लागत नाही.

तिसरा मधुमेह गरोदरपणात होणारा. यात आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जवळजवळ जात नाही. म्हणून ते तिथे सुरक्षित. बाळंतपणात वार पडली की सुईची गरज बहुधा संपते. पुढे टाइप २ची शक्यता मात्र राहते, तेव्हा तपासण्या सोडू नयेत.

मला सुईपेक्षा सिरिंजची भीती जास्त वाटते. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट, अशी दोन्ही ताकदीची इन्सुलिनं मिळतात. लाल टोपणाची सिरिंज ४०ची, केशरी १००ची. शंभरचं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये १०च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात २५ युनिट जातात.

मग साखर फार खाली जाते: दरदरून घाम, थरथर, बरळणं. ‘शुगरवाल्याला साखर कशी द्यायची?’ म्हणून घरचे अडखळतात. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठायचा.