कंप थांबला, पाऊल अडलेलंच: पार्किन्सन आणि डीबीएसची पार्श्वभूमी

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये सहा रुग्णांवरून कंप, ताठरपणा आणि मंद हालचालींच्या या आजाराचं वर्णन लिहिलं. त्यातले काही रुग्ण त्यांनी रस्त्यातून चालतानाच पाहिले होते. पुढे झुकलेलं अंग आणि चालता चालता आपोआप धावू लागणारे पाय, हे त्यांनी तेव्हाच टिपलं. तरीही या आजारावरच्या मेंदूच्या शस्त्रक्रियांचा इतिहास बराच काळ हाताच्या कंपाभोवतीच फिरत राहिला. चालण्याचा नंबर फार उशिरा लागला. ‘ऑपरेशन केलं, आता चालता येईल ना?’ या प्रश्नाला डॉक्टर सरळ ‘हो’ का म्हणत नाहीत, याचं उत्तर या इतिहासात आहे.

सुरुवात अपघाताने झाली. 1952 मध्ये न्यूयॉर्कचे सर्जन अर्व्हिंग कूपर एका रुग्णाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करत असताना एक रक्तवाहिनी फाटली. त्यांनी ती बंद केली आणि ठरलेलं काम तसंच सोडून दिलं. रुग्ण शुद्धीवर आला तेव्हा कंप आणि ताठरपणा गेलेला, ताकद मात्र शाबूत! मेंदूतली नेमकी जागा बंद पाडून कंप थांबवण्याच्या प्रयत्नांना त्यामुळे जोर आला. पुढे 1960 च्या दशकाच्या शेवटी जॉर्ज कोट्झियस यांनी, मेंदूत कमी पडलेलं डोपामाइन हे रसायन भरून काढणाऱ्या लेव्होडोपा या औषधाचे मोठे डोस यशस्वीपणे वापरून दाखवले आणि शस्त्रक्रिया जवळजवळ अडगळीत गेल्या. गोळीने माणसं उठून चालू लागली. पण काही वर्षांनी गोळीचा असर मध्येच उतरू लागला, अंग नको तसं वळवळू लागलं, आणि सर्जनांकडे पुन्हा लक्ष गेलं.

1987 मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे सर्जन अलीम-लुई बेनाबिद कंप थांबवण्यासाठी थॅलॅमस या मेंदूतल्या खोल भागातली जागा जाळण्याआधी ती बरोबर आहे ना, हे विजेच्या सौम्य प्रवाहाने तपासत होते. प्रवाहाची गती सेकंदाला 100 स्पंदनांच्या आसपास नेली की कंप थांबायचा, प्रवाह बंद केला की परत यायचा. मग जाळायचं कशाला? इलेक्ट्रोड (विजेची बारीक तार) तिथेच ठेवून छातीत त्वचेखाली बॅटरी बसवायची, हा विचार पक्का झाला. हेच डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस. पण थॅलॅमसमधल्या या जागेने कंपच जातो. चाल सुधारत नाही. उलट दोन्ही बाजूंना प्रवाह दिला तर तोल बिघडूही शकतो.

चालीचा विषय खऱ्या अर्थाने आला तो 1990 नंतर. अमेरिकेत महलॉन डीलाँग यांच्या गटाने पार्किन्सनसारखी अवस्था झालेल्या माकडांमध्ये सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा छोटा भाग निकामी केला आणि त्यांच्या हालचाली मोकळ्या झाल्या. 1993 मध्ये ग्रनोबलच्या गटाने माणसात तिथेच इलेक्ट्रोड बसवले. आता कंपाबरोबर मंदपणा, ताठरपणा आणि बऱ्याच जणांची चालही सुधारली. 2002 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने या उपचाराला मान्यता दिली.

‘बऱ्याच जणांची’ म्हणजे कोणाची, हे ठरवणारी तपासणी पाहण्यासारखी असते. रुग्ण रात्रीपासून गोळी न घेता सकाळी येतो. त्याला खुर्चीतून उठवून चालवतात, वळायला लावतात, दारातून जायला सांगतात. अनेकांचे पाय नेमके वळताना किंवा दाराशी जमिनीला खिळतात. मग लेव्होडोपा देऊन, औषध चढलं की तीच चाल पुन्हा बघतात. गोळीने जी चाल सुधारते ती डीबीएसनेही सुधारण्याची शक्यता असते. औषध पूर्ण चढलेलं असतानाही पाय खिळत असतील, तर सर्जनने फार आशा दाखवू नये. माझ्या मते रुग्णाच्या घरच्यांनी ही चाचणी स्वतः उभं राहून बघावी. नंतरचे रुसवेफुगवे वाचतात.

2003 मध्ये ग्रनोबलच्याच गटाने पाच वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. औषध नसताना कंप आणि ताठरपणा आटोक्यातच होता, पण औषध चालू असतानाची चाल, तोल आणि बोलणं घसरत गेलं होतं. आजार डोपामाइनपुरता थांबत नाही, मेंदूच्या इतर भागांतही पसरतो. तिथे या इलेक्ट्रोडचा हात पोहोचत नाही.

मग दुसऱ्या जागेचा शोध सुरू झाला, आणि त्याचं मूळ मॉस्कोतल्या एका प्रयोगात होतं. 1966 मध्ये शिक, सेव्हरिन आणि ओर्लोव्हस्की यांनी मोठ्या मेंदूशी संबंध तोडलेल्या मांजराला ट्रेडमिलवर धरलं आणि मध्यमेंदूतल्या एका जागी विजेचा प्रवाह दिला. मांजर चालू लागलं. प्रवाह वाढवला तसं दुडक्या चालीने आणि मग भरधाव पळू लागलं! याच भागातल्या पेडंक्युलोपॉन्टाइन न्यूक्लियसमध्ये म्हणजे पीपीएनमध्ये ब्रिस्टल आणि रोममधल्या गटांनी रुग्णांना इलेक्ट्रोड बसवले. 2005 मध्ये ते अहवाल आले आणि मोठी आशा निर्माण झाली. इथे प्रवाहाची गती कमी, साधारण 25 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 25 स्पंदनं. कंपासाठी सहसा 130 लागते.

आशा पुरती फळली नाही. 2010 मध्ये टोरांटोच्या गटाने प्रवाह चालू आहे की बंद हे कोणालाच न सांगता तपासलं, तेव्हा मोजमापात ठळक फरक दिसला नाही. पण पडणं कमी झालं, असं रुग्ण मात्र सांगत होते. पीपीएन ब्रेनस्टेममध्ये म्हणजे मेंदूच्या देठात खोल, त्याच्या सीमा स्कॅनवर धूसर, आणि पार्किन्सनमध्ये तिथल्या पेशीही मरतात. इलेक्ट्रोड जरा इकडेतिकडे झाला तरी निकाल बदलतो.

सोपा उपायही करून पाहिला गेला. 2008 मध्ये फ्रान्समधल्या लील इथल्या गटाने सबथॅलॅमिक न्यूक्लियसमधल्या जुन्याच इलेक्ट्रोडवर गती 130 वरून 60 हर्ट्झवर आणली, आणि काहींचे पाय खिळणं कमी झालं. नंतरच्या अभ्यासांत निकाल संमिश्र आले. कंप परत डोकं वर काढू शकतो आणि फायदा काळाबरोबर ओसरू शकतो. तरी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत नाही, म्हणून न्यूरॉलॉजिस्ट हा बदल आधी करून बघतात.

2023 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे प्रवाह थेट पाठीच्या कण्यात देण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रुग्ण एकच, आजार जवळपास 30 वर्षांचा. पायांवरचे सेन्सर पावलाचा क्षण ओळखतात आणि त्या वेळेनुसार कण्याला स्पंदन मिळतं. त्याचं खिळणं आणि पडणं कमी झालं. मेंदूतलं डीबीएस त्याला आधीच बसवलेलं होतं, ते तसंच चालू ठेवून ही भर घातली गेली. आणखी सहा रुग्णांवर ती तपासण्याची योजनाही तेव्हाच जाहीर झाली.