राजकन्येचा क्लास कोणता?

धरमपेठेत आमच्या जेवणाच्या टेबलावर दर रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं घेऊन खेळायच्या खेळाचे फासे पडतात. मागच्या खेपेला भाचीने परीकथेतली लांब केसांची रपुन्झेल खेळायला घेतली आणि पात्राच्या कागदावर ‘क्लेरिक’, म्हणजे दैवी मंत्रांनी जखमा भरणारा, असं लिहिलं. भाचा अडून बसला, “राजकन्या काऊन क्लेरिक होईन?” ती म्हणाली, “केसांनी जखमा भरते नं ते!”

पोरीचं बरोबर आहे. डिस्नेचा ॲनिमेशनपट तर फार नंतरचा. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहातसुद्धा बुरुजावरून उडी टाकून आंधळ्या झालेल्या राजपुत्राला रपुन्झेलच्या आसवांनीच दिसायला लागतं.

क्लास म्हणजे पात्राचा पेशा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत निघाला तेव्हा पेशे तीनच होते : लढवय्या, जादूगार आणि दैवी शक्तीने मंत्र चालवणारा क्लेरिक. खेळ निघाला सैनिकांच्या छोट्या बाहुल्या मांडून खेळायच्या युद्धखेळांतून. फक्त पलटणीऐवजी प्रत्येकाने एकच पात्र चालवायचं. चोर, पॅलाडिन (धर्मयोद्धा), बार्ड (शाहीर), ड्रुइड (निसर्गपूजक) हे पुढच्या दोनेक वर्षांत आले. डिस्नेच्या परीकथांतल्या राजकन्याही तोवर तीनच, स्नो व्हाइट (१९३७), सिंड्रेला (१९५०) आणि ‘स्लीपिंग ब्युटी’तली अरोरा (१९५९).

तलवार मात्र बाईच्या हाती सहज आली नाही. ताकद तीन फाशांवर ठरायची, म्हणजे जास्तीत जास्त १८. लढवय्याला १८ पडले की शंभरातला आणखी एक आकडा काढायचा. १९७८च्या नियमपुस्तकात मानवी पुरुषाला तो १०० पर्यंत मोकळा होता आणि बाईला ५० वर थांबवलेला. फासा कितीही चांगला पडो! मला हा नियम आजही खुपतो. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत तो गेला. त्याच वर्षी ‘द लिटल मरमेड’ आला. समुद्रातल्या चेटकिणीशी करार करून आवाज गमावणारी एरियल म्हणजे सरळ वॉरलॉक; परक्या शक्तीशी सौदा करून जादू मिळवणारा हा पेशा २००८च्या आवृत्तीपासून मुख्य पुस्तकात आहे. पुरुषाच्या वेषात फौजेत गेलेल्या मुलानबद्दल (१९९८) तर वादच नको, ती लढवय्या. जुन्या चिनी पोवाड्यात बारा वर्षं बरोबर राहूनही सोबत्यांना ती बाई असल्याचा पत्ता लागत नाही.

२०००च्या सुमारास डिस्नेने या साऱ्याजणींना एका नावाखाली विकायला आणलं. दप्तरावर, डब्यावर त्या ओळीने उभ्या राहिल्या. खेळणाऱ्याच्या नजरेला त्या ओळीत मोहिमेवर निघालेली टोळी दिसते, आणि टोळीत कोण काय करणार हे आधी ठरवावं लागतं. झगा कुठल्या रंगाचा, हे तिथे कोणी विचारत नाही. म्हणून राजकन्यांना क्लास द्यायची ही कल्पना मला मनापासून आवडते.

आता भाच्याला दुर्गावती हवी आहे. आपलं नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा, आणि दुर्गावती गोंडांच्याच गढा-मंडल्याची राणी. १५६४ मध्ये मोगल फौजेशी ती हत्तीवरून लढली. क्लास लढवय्या, यावर दोघांचं एकमत आहे. हत्तीला किती गुण द्यायचे, ते येत्या रविवारी ठरेल.