बालवयातील रंगओळख

बालवयातील रंगओळख म्हणजे साधारण २ ते ६ वर्षांच्या मुलाला रंगांतला फरक दिसणे, सारखे रंग जुळवता येणे आणि शेवटी त्यांची नावे सांगता येणे. तिन्ही गोष्टी याच क्रमाने येतात. अडीच वर्षांचे मूल लाल चिंधीवर लाल चिंधी बिनचूक ठेवते, पण 'लाल' म्हणायला त्याला आणखी वर्षभर लागू शकते. नावे घोकून घेतली तर मूल 'लाल, पिवळा, निळा' धडाधड म्हणते आणि निळ्या डब्यालाही 'लाल'च म्हणते. ती रंगओळख नव्हे.

मराठीत एक जास्तीची अडचण आहे. निळा चेंडू, निळी पिशवी, निळं फूल: मुलाच्या कानाला हे तीन वेगळे शब्द वाटतात. लाल, गुलाबी, केशरी मात्र बदलत नाहीत. म्हणून पहिले आठ-दहा दिवस चेंडू, फुगा, पेला, डबा अशाच वस्तू घ्याव्यात. मग पिशवी आणि फूल. वाक्यात वस्तू आधी आणि रंग मागून यावा: 'फुगा निळा आहे'. मुलाची नजर आधी फुग्यावर ठरते, त्यामुळे पुढचा शब्द फुग्याच्या रंगाचा हे त्याला कळते. घरात आजी 'तांबडा' म्हणते आणि अंगणवाडीत ताई 'लाल' म्हणतात. दोन्ही बरोबर मानावेत, आजीचा शब्द खोडू नये.

शिकवण्याची एक भरवशाची रीत माँटेसरी पद्धतीतली, म्हणजे मुलाने वस्तू स्वतः हाताळत शिकण्याच्या पद्धतीतली आहे. आधी 'हा लाल' असे सांगायचे, मग 'लाल दाखव' म्हणायचे आणि हे जमल्यावरच 'हा कोणता?' विचारायचे. बहुतेक मोठी माणसे तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि मूल गप्प होते. या पद्धतीतल्या रंगपट्ट्यांच्या पहिल्या पेटीत लाल, पिवळा, निळा अशा ३ जोड्या असतात, दुसरीत ११ जोड्या आणि तिसरीत ९ रंगांच्या प्रत्येकी ७ छटा. पेटी विकत घ्यायलाच हवी असे नाही. शिंप्याकडची कातरणे सारख्या मापाच्या पुठ्ठ्यांवर चिकटवली की काम भागते. कापड मात्र एकाच जातीचे हवे. एक चिंधी मखमली आणि बाकीच्या सुती असल्या तर मूल रंग न बघता स्पर्शाने जोड्या लावते.

मराठवाड्यातल्या घरात वाकळ, म्हणजे जुन्या कापडांचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी, हे आयतेच साधन आहे. ती अंगणात अंथरून 'पिवळ्यावर पाय ठेव' हा खेळ ३ वर्षांच्या मुलालाही कळतो. फुलाफुलांचे तुकडे सुरुवातीला टाळावेत, कारण त्यात कोणता रंग विचारला आहे हेच मुलाला समजत नाही.

शेतातले रंग तर बदलताना दिसतात. करडईचे फूल उमलताना पिवळे असते आणि सुकत जाताना केशरी-तांबडे होते. डिसेंबर-जानेवारीत दोन्ही अवस्था एकाच ताटव्यात सापडतात. झाड काटेरी, म्हणून फुले मोठ्यांनी तोडावीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यातल्या बालाघाटच्या डोंगरांत आणि किनवटच्या रानात पळस फुलतो. दोन मुठी पाकळ्या तीन पेले पाण्यात १५ मिनिटे उकळल्या की केशरी-पिवळे पाणी मिळते. वसमतच्या बाजारामुळे ओळखीची असलेली हळदही उपयोगी: चिमूटभर हळदीच्या पाण्यात खाण्याचा सोडा घातला की ते तांबूस होते, लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. चुन्यानेही हेच होते, पण चुना डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून मुलांसमोर सोडाच वापरावा. हळदीची आणि पळसाची चित्रे उन्हात फिकी पडतात. अजिंठ्याची भित्तिचित्रे मात्र शतकानुशतके टिकली. तिथला पिवळा आणि तांबडा गेरूच्या जातीच्या मातीतून, हिरवा खनिजातून आणि काळा काजळीतून आला. निळ्यासाठीचा लाजवर्द हा निळा दगड तेवढा बाहेरून आणावा लागला.

रंग मिसळताना फिक्यात गडद घालावा, उलट नाही. दोन चमचे पिवळ्या पाण्यात निळ्याचा एक-एक थेंब टाकत गेले की पोपटीपासून गर्द हिरव्यापर्यंत सगळे टप्पे दिसतात. निळ्यात पिवळा ओतला तर बराच वेळ काही बदलत नाही आणि मूल उठून जाते. लाल आणि निळ्यातून बहुधा मळकट तपकिरी निघतो, कारण बाजारातल्या लालात पिवळ्याची छटा असते. चांगला जांभळा हवा असेल तर लालाऐवजी राणी रंग घ्यावा. एका वेळी दोनच रंग द्यावेत, तिसरा आला की चिखल.

बोटांनी रंगवण्यासाठी १ वाटी मैदा आधी थंड पाण्यात कालवावा (थेट गरम पाणी घातले तर गुठळ्या होतात), मग पाणी एकूण ३ वाट्या होईल इतके घालून शिजवावे आणि चमचाभर मीठ घालावे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ही खळ दुसऱ्या दिवशी आंबते, तेव्हा रोज ताजी करावी. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायचा तैलरंग आणि शेंदूर मुलांच्या हाती देऊ नये. शेंदरात शिसे असते. ज्वारी, तूर, मूग निवडण्याचा खेळ ३ वर्षांखाली नकोच, दाणा नाकात किंवा श्वासनलिकेत जातो.

पुस्तक निवडताना एका पानावर एकच रंग आणि त्या रंगाच्या अनेक वस्तू आहेत का, ते बघावे. लालासाठी फक्त सफरचंद असेल तर मूल 'लाल' हे त्या फळाचेच नाव समजते. घरीही पुस्तक होते: जुन्या वह्यांचे पुठ्ठे, जाड दोरा आणि तांबड्याच्या पानावर मिरची, कुंकू, वीट, बांगडीचे चित्र.

पाच वर्षांनंतरही मूल हिरवा-तांबडा किंवा हिरवा-तपकिरी सतत गोंधळत असेल तर ते रंगांधत्व असू शकते. ते बहुधा जन्मजात असते आणि मुलींपेक्षा मुलग्यांत बरेच जास्त आढळते. रागावून किंवा सराव वाढवून ते जात नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे आणि त्या मुलाच्या खडूंवर रंगाचे नाव किंवा ठरलेली खूण लिहून द्यावी.