ॲम्लोडिपिन : परिचर्येतील दक्षता

ॲम्लोडिपिन हे उच्च रक्तदाबावरील औषध कॅल्शियमरोधक गटातले आहे. धमन्यांच्या स्नायुपेशींत कॅल्शियम शिरण्याला ते अटकाव करते. धमन्या सैलावतात आणि दाब उतरतो. उपचाराची सुरुवात बहुधा दिवसातून एकदा ५ मिलिग्रॅमने होते. अशक्त वृद्धांना व यकृताचा आजार असलेल्यांना २.५ मिलिग्रॅम देतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात सातारा जिल्हा होता.

दाब मोजण्याआधी रुग्णाला ५ मिनिटे शांत बसवावे. अर्ध्या तासात चहा झाला का, तंबाखू खाल्ली का, हे विचारावे. मशेरीचे नाव घेऊन विचारावे, कारण बऱ्याच बायका तिला तंबाखूत धरतच नाहीत. वरचा दाब ९० च्या खाली असेल किंवा भोवळ येत असेल, तर गोळी न देता डॉक्टरांना कळवावे. वृद्धांचा दाब उभे राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा घ्यावा.

या औषधाच्या परिचर्येत सर्वाधिक लक्ष पायांकडे हवे. संध्याकाळी घोट्याशी सूज येते, चपलेचा पट्टा रुततो, आणि ‘गोळीनं किडनी गेली’ असे म्हणून रुग्ण औषधच सोडतो. खरे कारण वेगळे आहे. धमनिका म्हणजे बारीक धमन्या रुंदावतात, शिरा तेवढ्या रुंदावत नाहीत. केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी बाहेर झिरपते. १० मिलिग्रॅमवर हे जास्त दिसते, स्त्रियांत अधिक. लघवी वाढवणाऱ्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही. डॉक्टर मात्रा घटवतात किंवा टेल्मिसार्टनसारखे रक्तदाबाचे दुसरे औषध जोडतात. नडगीवर अंगठा दाबून खळगा पडतो का, हे दरभेटीला पाहावे. सूज एकाच पायाला असेल, धाप लागत असेल किंवा वजन झपाट्याने वाढले असेल, तर ती गोळीच्या माथी मारू नये. रुग्णाला लगेच डॉक्टरांकडे पाठवावे. सूज येऊ शकते हे पहिली गोळी हातात देतानाच सांगितले, तर ती आल्यावर रुग्ण घाबरून गोळी न सोडता विचारायला येतो.

डोकेदुखी, चेहरा तापणे, धडधड ही लक्षणे सुरुवातीला दिसतात. हिरड्या क्वचित फुगतात.

औषध अंगात ३० ते ५० तासांनी निम्मे होते, त्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर लागतो. ‘दोन दिवस घेतली, फरक नाही’ म्हणणाऱ्याला हे समजावावे. जेवणाचे बंधन नाही. एकादशीलाही गोळी पाण्याबरोबर घ्यावी. लोणंद-फलटणमार्गे पालखीबरोबर चालणाऱ्यांनी पुरेशा गोळ्या जवळ बाळगाव्यात. एक गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

मिरजेला दाखवून आलेल्या रुग्णाच्या पिशवीत एका नावाच्या गोळ्यांची पट्टी असते, सरकारी दवाखान्यातून दुसरी मिळते, आणि दोन्हींत ॲम्लोडिपिनच निघते. म्हणून पिशवी रिकामी करायला लावावी आणि प्रत्येक पट्टीमागचा बारीक अक्षरातला घटक वाचावा. कोलेस्टेरॉलसाठी सिम्वास्टॅटिन चालू असल्यास त्याची मात्रा दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये.