खुब्यातील दुखणे आणि इलियाक धमनीचा स्टेंट

स्टेंट, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी, म्हटले की बहुतेकांना हृदय आठवते. परंतु फुग्याने फुलवल्या जाणाऱ्या पामाझ स्टेंटला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने १९९१ मध्ये मान्यता दिली ती ओटीपोटातील इलियाक धमनीसाठी. हृदयासाठीच्या त्याच्या सुधारित रूपाला १९९४ पर्यंत थांबावे लागले. महाधमनी बेंबीच्या पातळीजवळ दोन फाट्यांत विभागते आणि हे दोन फाटे म्हणजेच उजवी व डावी इलियाक धमनी. नितंबांना, ओटीपोटातील अवयवांना आणि पायांना रक्त पोहोचते ते यांतूनच.

ही धमनी अरुंद होण्यामागे धूम्रपानाचा वाटा फार मोठा असतो. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखूवर शेतकऱ्यापासून विडी वळणाऱ्या बायकांपर्यंत अनेकांची चूल पेटते, आणि १९८१ च्या आंदोलनात इथला शेतकरी रस्त्यावर उतरला तोही याच पिकाच्या भावासाठी. त्यामुळे ‘विडी सोडा’ हा सल्ला इथे देणे सोपे आणि पचणे अवघड असते. त्यात मधुमेह, रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांची भर पडली की धमनीच्या भिंतीत चरबी व कॅल्शियमचे थर साचत जातात.

मग चालताना खुब्यात, मांडीत किंवा पोटरीत गोळा येतो, उभे राहिले की काही मिनिटांत ओसरतो आणि पुन्हा साधारण तितकेच चालल्यावर परत येतो. पुरुषांमध्ये याच्या जोडीला लैंगिक दुर्बलता असू शकते, जी कोणी आपणहून सांगत नाही. घरची मंडळी याला ‘वय झालं’ म्हणतात किंवा ‘नस दबली’ म्हणून कमरेचा एमआरआय काढतात. उतारवयात मणक्यांची झीज जवळपास प्रत्येकाच्या एमआरआयमध्ये दिसते, म्हणून ही चूक लवकर उघडकीस येत नाही. फरक मात्र साध्या प्रश्नाने कळू शकतो : मणक्याच्या दुखण्यात बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम पडतो, तर धमनीच्या दुखण्यात नुसते उभे राहिले तरी पुरते. जांघेतील नाडी बोटांनी चाचपणे आणि घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहणे, एवढ्याने निदानाची दिशा मिळते. हे गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले तर अडथळ्याची शंका बळावते. मात्र मधुमेहात घोट्याच्या धमन्या कडक झाल्याने ते फसवे, म्हणजे जास्त, येऊ शकते.

उपचारात जांघेतील धमनीतून बारीक तार अडथळ्यापलीकडे नेतात आणि तिच्यावरून फुग्यावर घट्ट बसवलेला स्टेंट सरकवतात. फुगा फुगला की धातू कायमचा वाकतो, आणि फुगा काढून घेतला तरी जाळी उघडलेलीच राहते. हुलियो पामाझ यांना ही कल्पना सुचली ती गिलाव्यासाठी वापरतात तसल्या, फाकवून पसरवलेल्या धातूच्या जाळीवरून. अशा स्टेंटच्या जाळीचे दोन गुण इथे कामी येतात. ती ठरवलेल्या जागी नेमकी बसते आणि कॅल्शियमने दगडासारख्या झालेल्या भिंतीलाही दाबून धरते. म्हणून महाधमनीच्या दुभाजकाजवळ, जिथे थोडी चूक झाली तरी दुसऱ्या पायाचा प्रवाह अडू शकतो, तिथे ती पसंत केली जाते. दोन्ही इलियाक धमन्यांची तोंडे अरुंद असतील तर दोन्ही बाजूंचे फुगे एकाच वेळी शेजारी शेजारी फुगवतात.

खाली, जांघेच्या दिशेने, धमनी वळणदार होते आणि पाय दुमडताना हलते. एकदा चेपली की ही जाळी आपोआप पूर्ववत होत नाही, त्यामुळे तिथे निकेल-टायटॅनियमच्या, आपोआप उमलणाऱ्या लवचीक स्टेंटकडे डॉक्टरांचा कल असतो. माझ्या मते ‘कोणत्या कंपनीचा स्टेंट?’ यापेक्षा ‘अडथळा नेमका कुठे आहे?’ हे विचारणे रुग्णाच्या अधिक उपयोगाचे आहे.

धोके आहेतच : जांघेत रक्तस्राव, थराचा कण सुटून पायाकडे जाणे, आणि क्वचित धमनी फाटणे, ज्यासाठी आवरण असलेला स्टेंट हाताशी ठेवावा लागतो. क्ष-किरणांत धमनी दिसावी म्हणून सोडलेले रंगद्रव्य मूत्रपिंडाला जड जाऊ शकते, म्हणून आधी रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक, तपासतात. चालण्याचा त्रास सौम्य असेल तर तंबाखू बंद करणे, औषधे आणि दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालण्याचा नियमित व्यायाम हेच आधी करून पाहतात. पण बसल्या जागीही पाय ठणकत असेल किंवा बोटावरची जखम भरत नसेल, तर तातडीने रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे जावे. स्टेंटनंतरही रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन चालू राहतात, कारण जाळी फक्त एका जागेचा अडथळा दूर करते आणि बाकीच्या धमन्यांमधील रोग तसाच असतो.