हेच चित्र तांब्यात मिळेल का?

काम सांगायला आलेले बरेच जण हे विचारतात. हुबेहूब तेच नाही मिळणार. का, ते ऑर्डर देण्याआधी कळावं म्हणून हे पत्रक.

आमच्या ताई जलरंग, तैलरंग, माती आणि तांबं या चारही माध्यमांत काम करतात. विषय बहुतेकदा एकच, पुण्यातले जुने वाडे. जलरंगात अंगणातलं ऊन दाखवायचं तर तेवढा कागद कोरा सोडावा लागतो. तांब्यात ठोक्यांच्या खळग्यांवर तुमच्याच खिडकीतला उजेड खेळतो. त्या उजेडात बारीकसारीक काही उठून दिसत नाही. त्यामुळे चित्रातली तुळस, दोरीवरची धुणी तांब्यात गळतात आणि उरते ती वाड्याची कमान. आम्हाला ती कमान फार आवडते.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत बंब, घंगाळं मठारण्याचं, म्हणजे पत्र्यावर ठोके बसवत जाण्याचं, काम पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. ताई मठारकाम तिथल्याच कारागिरांकडून शिकल्या. ठोकत गेलं की पत्रा कडक होतो. मग तो लाल होईपर्यंत तापवून मऊ करायचा आणि पुन्हा ठोकायचा. इथे घाई केली तर चीर जाते. दुकानातल्या कमानीवरून बोटं फिरवून बघा, एकाला लागून एक बसलेले ठोके हाताला कळतील. तांब्याच्या कामाला वेळ लागतो तो यामुळे.

मातीचं काम पावसाळ्यात सांगू नका. आत ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन वस्तू तडकते. गणपतीची शाडूची मूर्ती मात्र आम्ही भाजतच नाही, कारण भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही.

तैलचित्रातलं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं. वरून कोरडं लागलं तरी वार्निशसाठी निदान सहा महिने थांबावं लागतं. तोवर चित्र खुशाल घरी लावा, नंतर घेऊन या. वार्निशचे वेगळे पैसे नाहीत.

जलरंगाचं चित्र थेट उन्हासमोर नको, आणि ओल येणाऱ्या भिंतीवर तर नकोच.

तांब्याला चिंच-मीठ लावू नका. खळग्यांतला काळपटपणा ताईंनी मुद्दाम ठेवलेला असतो, कमानीची खोली त्यातूनच दिसते. कोरड्या सुती फडक्याने पुसलं की पुरे. डाग पडलाच तर घासण्याआधी फोन करा, आम्ही घरी येऊन बघू.