साहेबाची बदली झाल्यावर बदलाचं काय होतं?

आमच्याकडं पतपेढी असो की शाळा, नवीन साहेब आला की नवीन रजिस्टर, नवीन व्हॉट्सॲप ग्रुप, सोमवारची मीटिंग, अन् साहेबाची बदली झाली की रजिस्टर कपाटावर धूळ खात पडतं. हे दुखणं जुनंच आहे, अन् त्यावर विचारही लई आधीपासून झालाय.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगलं मटण सैन्याला जायचं, म्हणून घरच्या बायकांनी काळीज, किडनी असलं शिजवावं असं सरकारला वाटत होतं (आपल्याकडं वजडी-मुंडीवर ताव मारतेत, त्यांना मात्र नको वाटायचं). कर्ट लेविन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं काही बायकांना नुसतं भाषण ऐकवलं, काहींना एकत्र बसवून त्यांचं त्यांनाच ठरवू दिलं. भाषणवाल्यांपैकी ३ टक्क्यांनी ते शिजवलं, स्वतः ठरवणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांनी. पुढं १९४७ ला त्यानं मांडलं की जुनी सवय आधी वितळवा, मग बदला, मग परत गोठवा, म्हणजे नवी सवय पक्की करा. आपण मधलं तेवढं करतो, गोठवायचं राहूनच जातं. १९९५ मध्ये जॉन कॉटर या व्यवस्थापनाच्या अमेरिकन प्राध्यापकानंबी कंपन्यांची हीच चूक दाखवली, की लवकर जिंकल्याचं जाहीर करून टाकतेत. म्हणजे आपला उद्घाटनाचा नारळ.

आता बदल टिकला ते उदाहरण, किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या आसपास लातूर-उस्मानाबादची दगडमातीची माळवदाची घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली, हजारो गेले. जी गावं पार झोपली ती दुसरीकडं हलवून कॉलनीसारखी बांधली, तिथं प्लॅन आधीच ठरलेला होता. पण त्याहून लई जास्त गावांत घरं जागेवरच दुरुस्त, मजबूत करायची होती, भिंतीत आरपार दगड, वरून काँक्रीटचा पट्टा, पैसे हप्त्याहप्त्यानं मालकाच्या खात्यात. वर्ल्ड बँकेचा पैसा, सरकारी कार्यक्रम, पण इंजिनिअर किती गावांत पुरणार? म्हणून स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं गावातल्याच बायांना 'संवाद सहायक' नेमलं. हप्ता कधी मिळतो, पट्टा कुठं टाकायचा, गवंड्याला काय विचारायचं, हे त्या घरोघरी सांगायच्या. माझ्या मते खरी गोम इथंच आहे, अंमलबजावणी ज्यांच्या घरची त्यांच्याच हातात आली. मेरी पार्कर फॉलेट ही व्यवस्थापनावर लिहिणारी अमेरिकन बाई १९२० च्या दशकातच म्हणून गेली होती, कुणावर सत्ता चालवणं वेगळं अन् कुणासोबत मिळून चालवणं वेगळं.

कार्यक्रम १९९८ च्या सुमारास आवरला, साहेबलोक गेले, पण बायांचे गट काही मोडले नाहीत, बचत गट झाले, पाणी-आरोग्याच्या कामात उतरले. २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा ह्यातल्याच काही बाया गुजरातला गेल्या, तिथल्या बायांना घर कसं बांधून घ्यायचं ते सांगायला.